गोव्यातले जुने वाडे बांधले कुणी?

"गोव्यातली जुनी मोठी घरं पोर्तुगीजांनी स्वतःसाठी बांधली, १९६१ नंतर ती स्थानिकांच्या हाती आली," असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. मुळात चांदर, लोटली, मडगाव इथली बहुतेक घरं गोमंतकीय भाटकारांनीच, म्हणजे इथल्या जमीनदारांनीच, उभारली, श्रेय त्यांचंच. अनेक घरांत त्यांचे वंशज आजही राहतात. गोंधळ आडनावांमुळे होतो, आणि तो स्वाभाविक आहे. धर्मांतरानंतर आडनावं पोर्तुगीज झाली, माणसं इथलीच राहिली.

घर नीट पाहिलं तरी कळतं: जांभ्या दगडाच्या भिंती, काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या, काही ठिकाणी मधोमध राजांगण. पक्कं पडताळायचं तर गावच्या कोमुनिदादीतली (गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेतली) गावकारांची, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सदस्यांची, यादी पाहावी. गावकारपण बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे घराण्याची पाळंमुळं तिथे सापडतात.