पॅकेज बांधायचं कुणी?

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन या लिनक्स डिस्ट्रोची (लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम एकत्र देणाऱ्या संचाची) घोषणा केली, त्या काळात लिनक्सवर प्रोग्रॅम बसवणं म्हणजे टारबॉल (मूळ कोडची गुंडाळलेली फाइल) उतरवायचा, उलगडायचा, त्यातून प्रोग्रॅम बांधायला मेक चालवायचं आणि अमुक लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारा तयार कोड) सापडत नाही म्हणून अडून बसायचं. डेबियनने या कटकटीवर माणूस नेमला. प्रत्येक पॅकेजला, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेल्या प्रोग्रॅमला, एक मेंटेनर (सांभाळणारा), तोही बहुतेक वेळा स्वयंसेवक. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये एपीटी हे पॅकेजं बसवणारं साधन आलं आणि एका आज्ञेत सगळ्या लायब्ऱ्यांसकट प्रोग्रॅम बसू लागला. प्रोग्रॅम लिहिणारा एक आणि तो डिस्ट्रोत बसवणारा दुसरा, ही विभागणी तेव्हापासून मुरली.

हा मधला माणूस चुकला तर काय होतं, ते मे २००८ मध्ये कळलं. दोन वर्षांपूर्वी डेबियनच्या मेंटेनरने ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीतल्या दोन ओळी बंद केल्या होत्या. तपासणीचं साधन त्यांवर इशारे देत होतं आणि ओळी निरुपयोगी वाटत होत्या. त्याने मूळ प्रकल्पाच्या लोकांना आधी विचारलंही होतं, पण दोन्हीकडचं बोलणं एकमेकांना नीट पोचलंच नाही. त्या ओळींबरोबर गुप्त किल्ल्या बनवायला लागणारी यादृच्छिकता (अंदाज बांधता न येणं) गेली. उरला फक्त प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमला यंत्र देतं तो आकडा), म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका आकाराच्या जेमतेम ३२ हजार किल्ल्या. त्या दोन वर्षांत डेबियनवर आणि त्यातून निघालेल्या उबुंटूवर ओपनएसएसएलने बनलेली प्रत्येक किल्ली फेकून द्यावी लागली.

प्रोग्रॅमच्या लेखकांची रोजची तक्रार मात्र शिळेपणाची. डिस्ट्रोंतून वर्षानुवर्षं जुनी आवृत्ती वाटली जाते आणि कधीच दुरुस्त झालेल्या बगची बोलणी लेखकाला खावी लागतात. एक्सस्क्रीनसेव्हरचे लेखक जेमी झविन्स्की यांनी तर ‘ही आवृत्ती फार जुनी आहे’ असा इशारा प्रोग्रॅममध्येच घातला. २०१६ मध्ये त्यावरून डेबियनमध्ये चांगलंच वाजलं. त्याच सुमारास स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर चालणाऱ्या पॅकेजचे प्रकार आले आणि लेखकाला स्वतःचं पॅकेज थेट वापरणाऱ्याच्या हाती देता येऊ लागलं. तरी भांडण मिटलं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ओबीएस स्टुडिओ या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमच्या मंडळींनी फेडोरा या डिस्ट्रोला कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. फेडोराने स्वतः बांधलेलं सदोष फ्लॅटपॅक लोक ओबीएसचंच अधिकृत समजत होते.

लेखकांचा हा राग मला पूर्ण पटतो. तरीही मधला माणूस नकोच, असं म्हणायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण एक्सझेड ही फाइली आकसवणारी लायब्ररी आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच लॉगिन (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरणं) अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं. ते खणत गेले आणि एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो घातला होता अनेक महिने विश्वास कमावून प्रकल्पाचा सहमेंटेनर झालेल्याने. त्याला चालना देणारी फाइल गिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात, नव्हती, फक्त टारबॉलमध्ये होती. निर्दोष डिस्ट्रोही नव्हत्या: एसएसएच पुरवणारं ओपनएसएसएच मुळात एक्सझेड वापरत नाही, सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी काही डिस्ट्रोंनी लावलेल्या पॅचमुळे (कोडमधल्या बदलामुळे) ती वाट तयार झाली होती. पण लेखकच उलटला होता, आणि त्याचं स्वतः बांधलेलं पॅकेज लोकांनी डोळे मिटून बसवलं असतं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तेव्हा एक्सझेडची जुनीच, ‘शिळी’ आवृत्ती होती.