शुक्रवारचे दोन प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम: एक बागेचा, एक राजकारणाचा

बीबीसी रेडिओ ४ नव्याने ऐकणाऱ्याला शुक्रवारी हमखास चकवा बसतो. दुपारी तीनला कुठल्याशा गावातल्या सभागृहात जमलेले लोक प्रश्न विचारतात, मंचावरचे जाणकार उत्तरं देतात, मधे एक सूत्रधार असतो. रात्री आठला पुन्हा रेडिओ लावावा, तर गाव वेगळं, पण थाट तोच. दुपारचा 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम', रात्रीचा 'एनी क्वेश्चन्स'. त्यात टीव्हीवर 'क्वेश्चन टाइम' नावाचा राजकीय कार्यक्रम आहे, म्हणून बागेचा कार्यक्रम ही त्याचीच शाखा असावी असं अनेकांना वाटतं. खरं तर टीव्हीवरचा कार्यक्रम १९७९चा, आणि तो बेतला आहे 'एनी क्वेश्चन्स'वरून. बागवाल्यांशी त्याचं काही नातं नाही.

बागेचा कार्यक्रम वयाने थोडा मोठा. ९ एप्रिल १९४७ रोजी मँचेस्टरजवळच्या ॲश्टन-अंडर-लाइनमध्ये, ब्रॉडओक हॉटेलात तो सुरू झाला. तेव्हा नाव होतं 'हाऊ डझ युवर गार्डन ग्रो?'. युद्ध संपलं होतं, रेशनिंग संपलं नव्हतं. युद्धकाळातल्या 'डिग फॉर व्हिक्टरी' मोहिमेमुळे घरोघरी भाज्या लावायची सवय लागलेली होती, आणि पहिले प्रश्नकर्ते होते भाड्याच्या वाफ्यांवर भाजी पिकवणाऱ्या स्थानिक संघटनेचे सभासद. म्हणजे सुरुवात हौशी फुलबागेतून नव्हे, पोटापाण्याच्या बटाटा-कोबीतून झाली.

'एनी क्वेश्चन्स' त्याच्या पुढच्या वर्षीचा, १२ ऑक्टोबर १९४८, विंचेस्टर. कल्पना बीबीसीचे फ्रँक गिलार्ड यांची. पहिल्या मंचावर जॉन आर्लट होते. हो, क्रिकेटचं धावतं वर्णन करणारे तेच. दोन्ही कार्यक्रम आधी आपापल्या प्रदेशापुरते होते, बागेचा उत्तरेत आणि हा पश्चिमेत. देशभर ते नंतर पोचले.

साम्य इथेच संपतं. 'एनी क्वेश्चन्स' सहसा थेट प्रसारित होतो, प्रश्न मंचावरच्या पाहुण्यांना आधी कळत नाहीत, आणि ते बहुधा वेगवेगळ्या पक्षांचे असतात. एकमत झालं तर कार्यक्रम पडला म्हणायचं. उलट बागेच्या कार्यक्रमाचं आधी ध्वनिमुद्रण होतं, आणि तिथे श्रोत्याला खरोखर उत्तर हवं असतं. माझ्या अझेलियाची पानं पिवळी का पडली? जाणकार आधी माती विचारणार: आम्ल की चुनखडीची? अझेलियाला आम्ल माती लागते, चुनखडीत ती लोह घेऊ शकत नाही. म्हणून गाव बदललं की उत्तरही बदलतं. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या उबदार कॉर्नवॉलमध्ये बाहेर तग धरणारं झाड स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात थंडीने मरू शकतं. रात्रीच्या कार्यक्रमात गाव बहुतेक वेळा टाळ्या कुठे पडतात एवढंच ठरवतं. असो, हे माझं मत.

श्रोत्यांना उलट बोलायची सोय मात्र राजकारणवाल्यांनीच केली. १९५५पासून 'एनी आन्सर्स' हा जोडकार्यक्रम आहे. आधी पत्रं वाचली जायची, आता शनिवारी फोनवरून लोक आपली बाजू मांडतात. बागेच्या कार्यक्रमाला असा जोडीदार नाही. चुकलेला सल्ला श्रोत्याला वाफ्यातच दिसतो.

तरी भांडण बागेलाही चुकलेलं नाही. बिल सॉवरबट्स, फ्रेड लोड्स आणि प्राध्यापक ॲलन गेमेल हे मंचावरच्या जाणकारांचं त्रिकूट वर्षानुवर्षं एकमेकांच्या खतांवरून आणि छाटणीवरून जाहीर खटके उडवत राहिलं, आणि लोक त्यासाठीही ऐकत. मोठा तंटा पुढे १९९४मध्ये झाला. बीबीसीने निर्मिती बाहेरच्या कंपनीकडे सोपवल्यावर तेव्हाचे जाणकार उठून थेट क्लासिक एफएम या खासगी रेडिओवर गेले. मूळ कार्यक्रम नव्या मंडळींनी चालू ठेवला, आणि एरिक रॉबसन त्याचे सूत्रधार झाले ते २०१९पर्यंत.