वनस्पती आणि हवामान (दीर्घकालीन परिणाम)

झाडं कार्बन डायऑक्साइड शोषतात हे शाळेतच शिकवतात, पण झाड कुजलं की त्यातला बहुतेक परत हवेत जातो, त्यामुळे कोटी वर्षांच्या हिशोबात खरं काम मुळं करतात, आणि न कुजता गाडलं गेलेलं लाकूड (म्हणजे पुढं झालेला कोळसा).

मुळांचं काम साताऱ्याच्या कुठल्याही घाटात कापलेल्या दरडीत दिसतं. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, आणि मुरमात बोटभर जाडीची मुळं उतरलेली. मुळांच्या श्वसनाने मातीतला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा कितीतरी पट वाढतो, पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, त्यात पाषाणातलं कॅल्शियम विरघळून कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात जातं आणि तिथं शंख-शिंपल्यांत, चुनखडीत कार्बनसकट अडकतं, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड घटून पृथ्वी गार होते. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, तो ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, म्हणून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा कातळ अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. कासच्या पठारावरचा जांभा हा अशाच झिजेचा चोथा, विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह-अॅल्युमिनियम उरलं.

हे सुरू कधी झालं यावर मात्र वाद आहे. जमिनीवरच्या वनस्पती साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या मानतात. सुमारे ४४.४ कोटी वर्षांपूर्वीचं हिमयुग शेवाळासारख्या बिनमुळांच्या वनस्पतींनीच आणलं असं लेंटन वगैरे शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडलं, त्यासाठी दगडावर मॉस वाढवून झीज मोजली. पण प्रयोगशाळेतल्या थोड्या दिवसांवरून लाखो वर्षांचा हिशोब काढणं जरा धाडसाचंच, आणि तेव्हा जमिनीचा किती भाग हिरवा होता हेही अंदाजानेच धरावं लागतं. त्यामानाने खोल मुळांची जंगलं आली तो डेव्होनियन काळ, अंदाजे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचा, जास्त पटण्यासारखा वाटतो. पुढं कार्बोनिफेरसमध्ये (डेव्होनियननंतरच्या काळात) दलदलीत लाकूड गाडलं गेलं, कार्बन डायऑक्साइड घटला आणि दक्षिणेकडच्या गोंडवनावर (तेव्हाच्या जोडलेल्या महाखंडावर) बर्फ पसरला.

आपल्याकडं जनावरांना घालायला ताडपत्रीच्या खड्ड्यात वाढवतात तो अॅझोला (पाण्यावर तरंगणारं नेचं) सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वी आर्क्टिक समुद्रावर पसरला होता, २००४ च्या खोदकामात त्याचे थर सापडले. त्याने पृथ्वी गार केली म्हणतात, पण किती ते नक्की नाही.

सी-४ गवतं (कमी कार्बन डायऑक्साइडमध्येही चांगलं अन्न बनवणारी) ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी फैलावली, तिथं मात्र हवामानाने गवत बदललं की गवताने हवामान, हे उलटसुलट सांगतात. सांगलीकडचा ऊस आणि जतची ज्वारी याच गटातली.