मेन रोडच्या जुन्या इमारती आणि गोठवलेले भाडे : पार्श्वभूमी

नाशिकच्या गावठाणातील बाजार पेशवाईपासूनचा आहे. सराफ बाजारातील सरकारवाडा त्याची साक्ष देतो. मेन रोड आणि रविवार कारंजा परिसराला व्यापारी रूप मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. 1864 मध्ये नगरपालिका झाली, त्याच दशकात रेल्वे सुरू झाली आणि शतकाच्या अखेरीस मेन रोडवरून स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम धावू लागली. काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, खाली दुकान किंवा पेढी आणि वर राहती माडी, ही रचना त्या काळात रूढ होती.

या इमारतींच्या आजच्या अवस्थेला त्यांच्या वयापेक्षा भाडेनियंत्रणाचा निर्णय अधिक जबाबदार आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येणारे कमाल भाडे, 1 सप्टेंबर 1940 रोजीच्या भाड्याशी बांधले आणि त्यात घरांबरोबर दुकानेही घेतली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. शिवाय तो कायदा तात्पुरता होता. पण त्याची मुदत वेळोवेळी वाढत गेली आणि रुपयाचे मोल घसरत असताना गाळ्याचे भाडे जागच्या जागी राहिले. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेवली होती, मात्र वर्षभराच्या भाड्यात एक तुळई बदलणेही अनेकांना परवडेना. दुसरीकडे गाळ्याचा ताबा मौल्यवान झाला, तेव्हा पगडीचा, म्हणजे ताबा देण्यासाठी भाड्याशिवाय घेतल्या जाणाऱ्या एकरकमी पैशाचा, व्यवहार कायद्याच्या नजरेआड चालू राहिला. त्या पैशातून वाड्याचे छप्पर शाकारले जाईल अशी कोणतीही व्यवस्था नव्हती. लहान व्यापारी भर पेठेत टिकला तो याच संरक्षणामुळे, हे मान्य करावेच लागते. तरी त्याची किंमत इमारतींनी मोजली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुंबई शहरात उपकरातून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, नाशिकच्या वाट्याला तशी यंत्रणा आली नाही.

जुन्या कायद्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळानुरूप राहिल्या नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1997 च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट केले. त्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली, पगडीला मान्यता दिली, तसेच बँका आणि मोठ्या भागभांडवलाच्या कंपन्यांना संरक्षणातून वगळले. मात्र ही टक्केवारी मूळच्याच क्षुल्लक रकमेवर चालत असल्याने लहान गाळ्यांच्या मालकांना तिचा फारसा उपयोग झाला नाही. अरुंद गल्ल्या, वारसांमध्ये विभागलेली मालकी आणि एका वाड्यातील अनेक गाळेधारकांची संमती, या तीन अडचणींमुळे पुनर्विकासही रखडत राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा बजावल्या जातात, परंतु नोटीस मिळाली म्हणून गाळेधारक ताबा सोडत नाही, कारण नव्या बांधकामात आपला हक्क कायम राहील याची त्याला खात्री वाटत नाही.