साहित्यिक एजंट

लेखकाच्या वतीने हस्तलिखित प्रकाशकाकडे नेणारा, कराराची बोलणी करणारा आणि पुढे पुस्तकाचे हक्क सांभाळणारा व्यावसायिक प्रतिनिधी. या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः लंडनमधील अलेक्झांडर पोलॉक वॉट (१८३४–१९१४) यांच्यापासून मानतात. १८७५च्या सुमारास त्यांनी हे काम सुरू केले आणि लेखकाच्या मिळकतीवर दहा टक्के दलाली घेण्याची रीत पाडली. रुडयार्ड किपलिंग आणि थॉमस हार्डी त्यांचे अशील होते. प्रकाशकांना हा मध्यस्थ खुपला. प्रकाशक विल्यम हाइनमान यांनी तर त्याला उघड विरोध केला.

एजंट हस्तलिखित खपवून देतो, एवढीच अनेकांची समजूत असते. इंग्रजीतील बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था लेखकाने परस्पर पाठवलेले हस्तलिखित वाचत नाहीत, त्यामुळे ती समजूत निराधार नाही. कोणत्या संपादकाला काय रुचते हे एजंटाला ठाऊक असते. मागणी दोघा-तिघांकडून आली तर तो लिलावही करतो.

त्याचे खरे कसब मात्र करारनाम्यात दिसते. व्यवहाराच्या दृष्टीने पुस्तक ही एक वस्तू नसून हक्कांची मोळी असते: छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, चित्रपट, मालिका, शिवाय विक्रीचे वेगवेगळे प्रदेश. पहिले पुस्तक स्वीकारले गेल्याच्या आनंदात लेखक ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांखाली सही करतो, आणि काही वर्षांनी अनुवादाची विचारणा आली की आपल्या हाती काहीच उरले नाही हे त्याला कळते. एजंट ही मोळी सोडवतो. प्रकाशकाला लागतील तेवढेच हक्क द्यायचे, बाकीचे राखून स्वतंत्रपणे विकायचे आणि पुस्तक बाजारात मिळेनासे झाल्यावर हक्क लेखकाकडे परत यावेत असे कलम घालून घ्यायचे, हे त्याचे काम. रॉयल्टीचे हिशेबही तो तपासतो. पैशांवरून भांडायची वेळ आली तर तो भांडतो. त्यामुळे लेखक आणि संपादक यांना मजकुराबद्दल मोकळेपणाने बोलता येते. हा लाभ कोणत्याही हिशेबात दिसत नाही, पण तो मोठा आहे.

आज दलाली साधारणतः १५ टक्के असते. परदेशी हक्कांवर सहएजंटाचा, म्हणजे त्या देशातील एजंटाचा, वाटा धरून बहुधा २० टक्के. प्रकाशकाचे पैसे आधी एजंटाकडे येतात, दलाली वजा होऊन लेखकाला मिळतात. लेखकाला मिळकत झाली तरच एजंटाला होते. म्हणून हस्तलिखित वाचण्यासाठीच शुल्क मागणाऱ्यापासून दूर राहावे. अमेरिकेतील एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत असे शुल्क निषिद्ध आहे. कवितासंग्रह आणि संशोधनपर ग्रंथ यांत रक्कम लहान असल्याने तेथे एजंट क्वचितच आढळतो.

लेखकाने एजंट बदलला, तरी आधीच्या एजंटाने केलेल्या करारांवरील दलाली सहसा त्यालाच मिळत राहते.