महान बॉक्सर ओळखावा तो पुनर्लढतीत

जून १९३६. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये अमेरिकेचा जो लुई आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग समोरासमोर आले, तेव्हा लुई बावीस वर्षांचा होता आणि व्यावसायिक रिंगमध्ये एकदाही हरला नव्हता. तिशीतला श्मेलिंग त्याच्यापुढे टिकेल असं फारसं कुणालाच वाटत नव्हतं. पण श्मेलिंगने लुईच्या जुन्या लढतींच्या फिल्म बारकाईने पाहिल्या होत्या आणि त्यात त्याला एक खोड सापडली होती. डाव्या हाताने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारून झाला की तो हात मागे आणताना लुई किंचित खाली सोडायचा. हनुवटीची डावी बाजू तेवढ्यापुरती उघडी पडायची. श्मेलिंग त्या रात्री याच फटीची वाट पाहत राहिला आणि ती दिसली की वरून उजव्या हाताचा ठोसा घालत राहिला. चौथ्या फेरीत लुई खाली गेला, बाराव्या फेरीत तो उठू शकला नाही.

दोन वर्षांनी, २२ जून १९३८ रोजी, तेच स्टेडियम आणि तेच दोघे. या वेळी लढत २ मिनिटं ४ सेकंदांत संपली. लुई जिंकला.

सर्वकालीन महान बॉक्सर कशाने घडतो, या प्रश्नाचा विचार करताना मी दर वेळी या दोन लढतींपाशी येतो. त्या दोन वर्षांत लुईच्या हातांची लांबी वाढली नव्हती. ठोशाचं बळ १९३६ मध्येही कमी नव्हतं. त्याच्या मेंदूने श्मेलिंग नावाचा माणूस नव्याने शिकून घेतला होता. माझ्या मते महानतेचं मूळ इथे आहे आणि विज्ञानातून जे हाती लागतं तेही याच बाजूने बोलतं.

आधी बळाकडे पाहू, कारण सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हेवीवेट फ्रँक ब्रूनोचा ठोसा मोजला. त्याची मूठ साधारण अर्धा मीटर अंतर एक दशांश सेकंदात कापत होती आणि लक्ष्यावर आदळताना तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर होता. सर्वोच्च बल ४,०९६ न्यूटन (बल मोजायचं एकक) भरलं आणि तेही स्पर्शानंतर अवघ्या १४ मिलिसेकंदांत. पुढे २००० साली झालेल्या एका अभ्यासात मागच्या हाताच्या ठोशाचं सरासरी बल नवशिक्यांमध्ये सुमारे २,४००, मध्यम दर्जाच्या बॉक्सरमध्ये ३,७०० आणि अव्वल बॉक्सरमध्ये ४,८०० न्यूटन आढळलं.

हे बळ दंडातून येतं असं पाहणाऱ्याला वाटतं. १९८५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका सोव्हिएत अभ्यासाने वेगळंच दाखवलं. त्यात सरळ ठोशामधला पायांच्या रेट्याचा, धडाच्या वळणाचा आणि हाताचा वाटा वेगवेगळा काढला होता. निष्णात बॉक्सरच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, हाताचा फक्त २४. कनिष्ठ गटात पायांचा वाटा साडेसोळा टक्क्यांवर घसरलेला आणि हाताचा ३८ वर चढलेला. नवखा माणूस हाताने मारतो. मुरलेला बॉक्सर मागच्या पायाने जमीन ढकलतो, तो रेटा कंबरेतून आणि खांद्यातून वर चढतो आणि हात फक्त तो पोहोचवतो.

यात आणखी एक मेख आहे. आखडलेला स्नायू हाताला वेगाने जाऊ देत नाही आणि सैल हात आदळताना वजन देत नाही. कॅनडातले पाठीच्या कण्याचे संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी मिश्र मार्शल आर्ट्सच्या अव्वल लढवय्यांच्या स्नायूंमधले विद्युत संकेत नोंदवले, तेव्हा त्यात दोन शिखरं दिसली. सुरुवातीला एक झटका, मग स्नायू ढिले, आणि आदळण्याच्या नेमक्या क्षणी पुन्हा सगळं अंग घट्ट. ढिलं पडल्यामुळे वेग मिळतो आणि पुन्हा घट्ट झाल्यामुळे मुठीमागे धडाचं वस्तुमान उभं राहतं. सरावाने कमवायची खरी गोष्ट म्हणजे योग्य वेळी सैल पडणं.

इतकं असूनही बळाने फक्त नवखा आणि कसलेला यांच्यातला फरक कळतो. कसलेला आणि महान यांना वेगळं करायला ते अपुरं पडतं. विली पेपने २२९ लढती जिंकल्या, त्यातल्या नॉकआउटने फक्त ६५. फेदरवेट या हलक्या वजनगटाच्या इतिहासात त्याचं नाव अगदी वरच्या ओळीत घेतलं जातं, ते तो सापडत नसे म्हणून.

आता काळाचं गणित पाहा. डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. ब्रूनोचा ठोसा १०० मिलिसेकंदांत पोहोचत होता. म्हणजे ठोसा निघाल्याचं पाहून मग हलायचं ठरवलं, तर हलण्याआधीच तो लागलेला असणार. तरीही चांगले बॉक्सर ठोसे चुकवतात. ते ठोसा निघण्याच्या आधीचं वाचतात: खांद्याची जराशी उचल, पुढच्या पायावर सरकलेलं वजन, श्वास, समोरच्याची अंतर तोडण्याची सवय. १९९५ मध्ये फ्रेंच बॉक्सिंगच्या (यात लाथाही चालतात) खेळाडूंची नजर कुठे जाते याचा अभ्यास झाला. त्यात तरबेज खेळाडूंची नजर कमी जागी थांबत होती आणि मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याच्या भागावर स्थिरावत होती. हात आणि धड ते नजरेच्या कडेने टिपत होते. हालचाल पकडायला नजरेची कड उत्तमच असते. नवखे मात्र इकडून तिकडे बघत राहतात, आणि डोळा उडी मारत असतानाच्या क्षणांत मेंदूला नीट दिसतही नाही.

अंदाजावर जगणाऱ्याला अंदाजानेच फसवता येतं. हुलकावणीचं शास्त्र इथून सुरू होतं. मेंदू एका इशाऱ्याला उत्तर देण्याच्या तयारीत असताना लगेच दुसरा इशारा आला, तर दुसऱ्याचं उत्तर लांबतं. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे कित्येकदा सिद्ध झालं आहे. डावा खांदा हलवून जॅबची हूल दिली, समोरच्याचा मेंदू तिच्यात गुंतला, की पाठोपाठ आलेल्या उजव्या हाताला तो उशिरा उत्तर देणार. हूल चांगली असेल तर प्रतिस्पर्धी कितीही चपळ असला तरी हा उशीर त्याला टाळता येत नाही. उलट जो लवकर ताडतो तोच हुलीला लवकर बळी पडतो. म्हणून महान बॉक्सर पहिल्या दोनतीन फेऱ्यांत बरेच ठोसे केवळ विचारणा म्हणून टाकतो. समोरचा कशाला डोळे मिटतो, कशाला हात वर नेतो, कुठल्या बाजूला पळतो, हे तो टिपून घेतो.

डावखुऱ्यांना रिंगमध्ये मिळणारा फायदाही मला याच मालिकेतला वाटतो. ते संख्येने कमी असतात, त्यामुळे इतरांच्या मेंदूत त्यांचे नमुने कमी साठलेले असतात. २०१९ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारो व्यावसायिक लढवय्यांच्या नोंदी तपासल्या. त्यात डावखुऱ्यांचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त निघालं आणि त्यांची जिंकण्याची शक्यताही थोडी अधिक.

नॉकआउटचं कोडंही वेळेपाशीच येऊन सुटतं. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या मेंदूची प्रतिकृती वापरून दाखवलं की मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा फिरकीचा झटका जास्त घातक असतो. कवटी गर्रकन वळते, आतला मऊ मेंदू मागे राहतो आणि त्याच्या तंतूंना ताण बसतो. हनुवटी मानेच्या टोकापासून लांब असल्यामुळे तिच्यावर बाजूने आलेला हुक, म्हणजे कोपर वाकवून मारलेला आडवा ठोसा, डोकं सर्वांत जोरात फिरवतो. ठोसा येताना दिसला तर मानेचे स्नायू आधीच आवळले जातात आणि डोक्याला धडाचा आधार मिळतो. न दिसलेल्या ठोशासाठी हा आधार नसतो. तेवढ्याच बळाचा ठोसा, पण गाफील माणसावर पडला की त्याचा परिणाम फार वेगळा.

शुगर रे रॉबिन्सनने १ मे १९५७ रोजी शिकागोमध्ये जीन फुलमरला मारलेला डावा हुक यासाठी जरूर पाहावा. छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता. जानेवारीत याच फुलमरने त्याला पंधरा फेऱ्या रेटून हरवलं होतं. फुलमरला तोवर कुणीही नॉकआउट केलं नव्हतं. पुढे घुसत राहायचं ही त्याची पद्धत. पाचव्या फेरीत रॉबिन्सन मागे सरकत होता. मागे जाणाऱ्याच्या ठोशात जोर नसतो असा सगळ्यांचा समज, आणि बहुधा फुलमरचाही. रॉबिन्सनने पाय रोवला, वळला आणि हुक हनुवटीवर बसला. फुलमर स्वतः पुढे येत होता, त्यामुळे त्याचाही वेग ठोशात मिळाला. अंतर, वेळ, समोरच्याची सवय आणि त्याचा भ्रम, सगळं एका हालचालीत वापरलं गेलं.

पुनर्लढतीला मी एवढं महत्त्व देतो ते यामुळे. विज्ञानात एखाद्या गोष्टीचा परिणाम तपासायचा तर बाकी सगळं तेच ठेवून ती एकच गोष्ट बदलतात. बॉक्सिंगमध्ये असा प्रयोग कुणी ठरवून करत नाही, पण काही महिन्यांच्या अंतराने तीच जोडी पुन्हा रिंगमध्ये उतरते तेव्हा त्याच्या सर्वांत जवळचं काही घडतं. शरीरं जवळपास तीच असतात. बदलते ती माहिती. रॉबिन्सनला जुलै १९५१ मध्ये लंडनमध्ये रँडॉल्फ टर्पिनने हरवलं. ६४ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये, डोळ्यावर मोठी जखम झालेली असताना, रॉबिन्सनने दहाव्या फेरीत टर्पिनला संपवलं. मुहम्मद अली १९७१ मध्ये जो फ्रेझरकडून, १९७३ मध्ये केन नॉर्टनकडून आणि १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सकडून हरला, आणि तिघांनाही पुढे त्याने हरवलं.

यावर रॉकी मार्सियानोचं नाव पुढे येणारच: ४९ लढती, ४९ विजय. न हरणाऱ्याला परतफेडीची संधी तरी कुठून मिळणार? आक्षेप रास्त आहे. पण त्याचं शिकणं एका लढतीच्या आत दिसतं. सप्टेंबर १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध तो गुणांवर मागे होता आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याने विजेतेपद घेतलं. मात्र शून्य पराभव हा आकडा एकटा पाहिला तर फार काही सांगत नाही. धावपटूला घड्याळ असतं. बॉक्सरचं मोजमाप केवळ समोरच्या माणसावरून होतं. मार्सियानोने लुईला हरवलं तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता, हे विसरून तो विजय मोजता येत नाही.

दम हा विषय थोडक्यात. हौशी लढतीसारख्या फेऱ्यांमध्ये खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या वापरातून येते, असं मोजमापातून दिसलं आहे. ठोसा स्फोटासारखा असला तरी दोन ठोशांमधली भरपाई हृदय आणि फुप्फुसं करतात. आणि त्यांना मर्यादा आहेत. जून १९५२ मध्ये यांकी स्टेडियमवर, जवळपास ४० अंश सेल्सियस उष्म्यात, रॉबिन्सन आपल्यापेक्षा जड जोई मॅक्सिमविरुद्ध गुणांवर आरामात पुढे होता. दहाव्या फेरीनंतर उष्म्याने रेफरीच गळाठला आणि दुसरा आणावा लागला. तेराव्या फेरीनंतर रॉबिन्सन स्टुलावरून उठू शकला नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं, घामाने त्याचं प्रमाण घटतं, आणि स्नायूंना ते पुरत नाही. रॉबिन्सन नाचत होता, मॅक्सिम त्याला मिठी मारून अंगावर रेलत होता.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना मला जड जातं. ठोसे सोसण्याची ताकद ही महानतेची खूण मानण्याची जुनी रीत आहे आणि ती मला पूर्णपणे चुकीची वाटते. न्यू जर्सीचे रोगनिदानतज्ज्ञ हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ मध्येच बॉक्सरच्या अडखळत्या चालीचं आणि मंदावलेल्या मेंदूचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं होतं. १९७३ मध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी १५ माजी बॉक्सरचे मेंदू तपासून आतली झीज दाखवली. एका नॉकआउटपेक्षा वर्षानुवर्षं साचत जाणारे, सरावातलेसुद्धा, मार हे नुकसान करतात. रॉबिन्सन १९६५ पर्यंत, वयाच्या ४४ व्या वर्षापर्यंत लढत राहिला. शेवटची वर्षं त्याने स्मृतिभ्रंशात काढली. अलीला १९८४ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती यावर मेंदूतज्ज्ञांत मतभेद आहेत, पण जॉर्ज फोरमन आणि फ्रेझर यांचे ठोसे त्याने किती घेतले ते फिल्मवर दिसतंच.

वयाबरोबर आधी चपळाई जाते, बळ बरंच उशिरा. फोरमनने नोव्हेंबर १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत उजव्या हाताने झोपवून हेवीवेटचं विजेतेपद परत मिळवलं, पण त्याआधीच्या नऊ फेऱ्या तो मार खात होता. बळ शिल्लक असल्यामुळे अनेकांना आपण अजून तेच आहोत असं वाटत राहतं आणि ते रिंग सोडत नाहीत.

म्हणून माझ्या यादीत जीन टनी नेहमीपेक्षा वर असतो. १९२२ मध्ये हॅरी ग्रेबने पहिल्याच फेरीत त्याचं नाक मोडलं आणि पंधरा फेऱ्या त्याला बडवलं. टनीच्या कारकिर्दीतला हा एकमेव पराभव. तो त्याच ग्रेबशी आणखी चार वेळा लढला आणि पुन्हा हरला नाही. हेवीवेटचा तेव्हाचा जगज्जेता जॅक डेम्प्सी याचा त्याने कित्येक वर्षं अभ्यास केला आणि १९२६ व १९२७ मध्ये त्याला दोनदा हरवलं. १९२८ मध्ये, जगज्जेता असतानाच, त्याने हातमोजे उतरवले आणि पुढे ८१ वर्षं वयापर्यंत जगला. लेनॉक्स लुईसचंही तसंच: ऑलिव्हर मॅकॉल आणि हसीम रहमान या दोघांनीच त्याला हरवलं, दोघांनाही त्याने पुनर्लढतीत नॉकआउट किंवा तांत्रिक नॉकआउटने (रेफरीने लढत थांबवून दिलेला विजय) परतफेड केली, आणि २००४ मध्ये विजेता असतानाच निवृत्ती जाहीर केली. थांबायची वेळ आल्याचं स्वतःच्या शरीरात वाचणं हेही मी त्याच कौशल्यात मोजतो, ज्याने ते समोरच्याचा ठोसा निघण्याआधी वाचत होते.