सुवार्ता सांगण्याचा हक्क : १९७७ च्या निकालाची पार्श्वभूमी

शेजाऱ्याला आपल्या विश्वासाची साक्ष देणे, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणे, प्रवासात ओळख झालेल्या माणसाच्या हाती शुभवर्तमानाची छोटी प्रत ठेवणे, याला मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (म्हणजे चर्चमध्ये) व्यक्तिगत सुवार्ताकार्य म्हणतात; सुवार्ता म्हणजे येशूचा संदेश. पोलीस ठाण्यांत आणि विधानसभांत आज धर्मांतरावर जे बोलले जाते, त्यात हे काम आणि पैसा ओतून चालवलेली मोहीम यांत फरक केला जात नाही. ही सरमिसळ कशी झाली हे पाहायचे तर धर्मांतरविरोधी कायदे वैध ठरवणारा जानेवारी १९७७ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्याआधीची तीस वर्षे पाहावी लागतात.

त्याही आधीचा काळ थोडक्यात. गोव्यात पोर्तुगीज सत्तेने धर्म आणि राज्य एकाच मुठीत धरले, देवळे पाडली, इन्क्विझिशन (धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय) आणले. त्या आठवणींचे ओझे आजच्या साध्या उपदेशकालाही वाहावे लागते, आणि ते त्याने नाकारू नये. मुंबई इलाख्यात गोष्ट निराळी होती. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम दिला होता. त्याच वर्षी कंपनीची सनद (कारभाराचा परवाना) बदलली आणि ते राहू शकले. १८३१ पासून अहमदनगरला त्यांचे काम रुजले. पण सुवार्ता गावोगाव नेली ती मुख्यतः मराठी माणसांनी. १८६० च्या दशकात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा बाज उचलला, आणि घरोघर जाऊन बायकांना अक्षरे शिकवत शास्त्र सांगणाऱ्या स्त्रिया तयार झाल्या. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनने अन्न दिले, आणि त्या सुमारास महार-मांग वस्त्यांतून बाप्तिस्म्यांची संख्या वाढली. ती भाकरी दयेची की आमिषाची, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

याच शतकाच्या अखेरीस नागपूर-राजनांदगाव रेल्वेप्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने एका मराठी कवीला, नारायण वामन टिळकांना, बायबलमधला नवा करार दिला. १८९५ मध्ये त्या कवीने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढचे सगळे मराठी वाचकाला पाठ आहे, अगदी पत्नीने काही वर्षे वेगळे राहून सोसलेल्या हालांसकट. त्या प्रवाशाने प्रलोभन दाखवले नाही की धाक घातला नाही. पण हा माणूस ख्रिस्ताकडे यावा असे त्याला मनापासून वाटत होते, आणि तसे त्याने बोलूनही दाखवले होते. आजच्या कायद्यापुढे नेमका हाच प्रश्न आहे : दुसऱ्याने आपला विश्वास स्वीकारावा असा हेतू मनात धरून बोलणे हा हक्क आहे की नाही?

घटना समितीपुढे हा प्रश्न दोनदा आला. मे १९४७ मध्ये एका कलमाचा मसुदा चर्चेला होता : बळजबरीने किंवा गैरवाजवी दबावाने घडवलेले धर्मांतर कायदा मानणार नाही. त्यावर खूप खल झाला, कलम परत पाठवले गेले, आणि ऑगस्टमध्ये ते गळले. हे तत्त्व उघडच आहे, ते मूलभूत हक्कांत लिहिण्याची गरज नाही, असे सांगण्यात आले. दुसऱ्यांदा, ६ डिसेंबर १९४८ रोजी, वाद ‘प्रसार’ या एका शब्दावर पेटला. तो काढून टाका, असे काही सदस्यांनी निक्षून सांगितले. धर्म मानणे आणि आचरणे पुरेसे आहे, प्रसाराचा हक्क कशाला, हा त्यांचा मुद्दा. उत्तर देणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेले सदस्य पुढे होते. त्यांपैकी एका नामवंत गुजराती कायदेपंडिताने दोन गोष्टी सांगितल्या. हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्यातून आलेला आहे, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची : हा शब्द वगळला तरी भाषणस्वातंत्र्याखाली कोणत्याही धर्माच्या लोकांना इतरांचे मन वळवून आपल्यात येण्याचे आवाहन करता येईलच. शब्द राहिला. म्हणजे मन वळवणे हे प्रसारात येते, हे गृहीत धरूनच तो राहिला. पंचविसाव्या अनुच्छेदात हा हक्क ‘सर्व व्यक्तीं’ना दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत.

१९५४ मध्ये मुंबई राज्यातल्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याविरुद्ध एका जैन देवस्थानाच्या व्यवस्थापकाने दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आपली धर्ममते इतरांच्या उन्नतीसाठी प्रसारित करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तोवर वाट सरळ होती.

त्याच वर्षी नागपुरात, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या राजधानीत, ख्रिस्ती मिशनांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली गेली. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने, कर्ज यांच्या आडून आदिवासींची धर्मांतरे घडवली जातात, असा तिचा निष्कर्ष होता. मिशनांनी तो एकतर्फी ठरवला. त्यातल्या एका शिफारशीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. समितीने घटनादुरुस्ती सुचवली होती : प्रसाराचा हक्क फक्त भारतीय नागरिकांना असावा, आणि बळ, फसवणूक किंवा अन्य गैरमार्गाने घडवलेले धर्मांतर त्यात येत नाही हे स्पष्ट व्हावे. म्हणजे सर्वांत कठोर टीकाकारांनाही घटनेतला शब्द मर्यादित करायला दुरुस्ती लागेल असे वाटले, आणि ती मर्यादाही त्यांनी गैरमार्गांपुरतीच मागितली. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात लाखोंनी उघड्या मैदानावर धर्म बदलला. आपल्या सदसद्विवेकाने नवा धर्म निवडणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने तेव्हा डोळ्यांनी पाहिले.)

१९६७ मध्ये ओरिसाने आणि १९६८ मध्ये मध्य प्रदेशने धर्मस्वातंत्र्याच्या नावाने कायदे केले. बळ, प्रलोभन, फसवणूक यांनी धर्मांतर घडवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. धर्मांतरित व्यक्ती स्त्री, अल्पवयीन, अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल तर शिक्षा दुप्पट. शिक्षेपेक्षा व्याख्या गंभीर होत्या. ‘बळ’ या शब्दात दैवी अवकृपेची भीती घालणेही आले. पाप, न्याय, पश्चात्ताप यांच्याविषयी बोलल्याशिवाय सुवार्ता सांगता येत नाही. मग चुलीजवळ बसून शेजारणीला हे सांगणारी बाई त्या व्याख्येत येते की नाही? १९७२ मध्ये ओरिसाच्या उच्च न्यायालयाने प्रलोभनाची व्याख्या फार सैल ठरवून कायदा रद्द केला. १९७४ मध्ये मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाने आपल्या राज्याचा कायदा वैध ठरवला. दोन्ही प्रकरणे दिल्लीला गेली.

१७ जानेवारी १९७७ रोजी, आणीबाणी अजून उठलेली नसताना, पाच न्यायाधीशांच्या पीठाने दोन्ही कायदे वैध ठरवले. पीठाने शब्दकोश पाहून अर्थ लावला : प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे उलगडून सांगणे. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, कारण कोणी हेतुपुरस्सर दुसऱ्याचे धर्मांतर करू लागला तर सर्व नागरिकांच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला धक्का बसतो.

माझ्या मते सगळा गुंता या ‘हेतुपुरस्सर’मध्ये आहे. बळ आणि फसवणूक यांवर बंदी असावी याबद्दल मंडळ्यांत दुमत नाही. पण निकालाने रेघ तिथे ओढली नाही. ती तत्त्व सांगणे आणि माणूस बदलावा म्हणून सांगणे यांच्या मधे ओढली. नागपूरच्या समितीने घटनादुरुस्ती करून मागितले होते त्यापेक्षाही जास्त इथे केवळ अर्थ लावून मिळाले. १९४८ च्या चर्चेची दखल घेतली गेली नाही, ही टीका मुंबईतल्या एका ज्येष्ठ घटनातज्ज्ञाने केली आणि हा निकाल रद्द व्हायला हवा असे स्पष्ट लिहिले. सदसद्विवेक ऐकणाऱ्याचा असतो. समोरचे ऐकून, पारखून होय किंवा नाही म्हणणे हाच त्याचा वापर आहे. मन वळवणाऱ्याला दूर ठेवून तो विवेक सुरक्षित होत नाही, उलट त्याच्यापुढची निवड कमी होते. दुसरी बाजूही खरी आहे : ज्या गावात एकमेव दवाखाना किंवा शाळा मिशनची आहे, तिथे ऐकणारा आणि सांगणारा समान पातळीवर नसतात. पण त्यासाठी प्रलोभनाची नेमकी व्याख्या पुरली असती.

पुढे याच निकालाच्या आधारावर कायदे वाढत गेले. १९७८ मध्ये अरुणाचलात कायदा झाला. त्याच वर्षी लोकसभेत आलेले खासगी विधेयक सरकार पडल्याने बारगळले. २००३ च्या गुजरातच्या कायद्यात जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेण्याची अट आली. हिमाचलच्या २००६ च्या कायद्यात तीस दिवस आधी सूचना देणे सक्तीचे होते. ती तरतूद तिथल्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली, कारण आपला विश्वास सरकारला कळवण्याची सक्ती म्हणजे खासगीपणावर घाला. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर टाकला, आणि २०२४ च्या दुरुस्तीने कोणत्याही त्रयस्थाला तक्रारीची मुभा दिली. ज्याचा विवेक जपायचा, तो माणूस स्वतः तक्रारदार असण्याचीही गरज उरली नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा कायद्याचा विचार करायला सात सदस्यांची समिती नेमली.

चर्चनीही या काळात स्वतःला शिस्त लावून घेतली. २०११ मध्ये जागतिक पातळीवरच्या कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि इव्हॅंजेलिकल संस्थांनी एकत्र येऊन साक्ष देण्याचे नियम जाहीर केले : आमिष नाही, फसवणूक नाही, गरिबी किंवा आजारपणाचा गैरफायदा नाही. आपल्याकडचे कितीतरी पाळक आता बाप्तिस्मा मागणाऱ्याला थांबायला सांगतात, प्रतिज्ञापत्र करून घेतात, राजपत्रातल्या नोंदीची चौकशी करतात. बाप्तिस्मा हा विधी आहे, त्याची कागदपत्रे करता येतात. शेजारणीशी झालेल्या बोलण्याची करता येत नाहीत, आणि १९७७ च्या निकालातली रेघ नेमकी त्या बोलण्यातून जाते. पाच न्यायाधीशांचा निकाल बदलायचा तर त्याहून मोठे पीठ लागते.